पदाची चाल

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की संवादांच्या मधे 'पद' असं ठळक छापलेलं दिसतं. शेजारी राग आणि ताल, आणि कंसात चाल, म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-चार शब्द. हे पद त्या गाण्यासारखं म्हणायचं. छापणाऱ्याला खात्री होती की ते दुसरं गाणं वाचणाऱ्याला येतंच. कधी ते कानडी असे, कधी हिंदुस्थानी ठुमरी, कधी लावणी, कधी आधीच्याच एखाद्या नाटकातलं पद. आज आपण ते पान उघडतो तेव्हा पदाची मात्रा न् मात्रा शाबूत असते, आणि ज्या गाण्याच्या जिवावर ते उभं होतं ते गाणंच आपल्याला येत नाही. ते शोधायला जावं तर त्याच्याही डोक्यावर आणखी एका गाण्याचा कंस.

सकाळच्या वेळी पद ऐकावं असं वाटणारे लोक अजून आहेत, म्हणून हा विषय काढला. 'पद' हा एकच शब्द काठमांडूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत गाण्यासाठी वापरला गेला. बंगाली, मैथिली, व्रज, पंजाबी, मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळम, सगळ्यांनी तो आपापल्या तऱ्हेने उचलला. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वर, ताल आणि पद अशी गांधर्वाची तीन अंगं सांगितली आहेत. पुढे 13व्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला बसून शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात प्रबंधाची सहा अंगं आली: स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट आणि ताल. इथे पद म्हणजे गाण्यातला अर्थ सांगणारा शब्दांचा भाग, एवढंच. मग केव्हातरी या अंगाचंच नाव सबंध गाण्याला मिळालं. जयदेवाच्या अष्टपदीत अजून आठ पदांचं मिळून एक गाणं होतं. सूरदासाचं किंवा आपल्या मध्वमुनीश्वरांचं पद म्हणजे मात्र अख्खं गाणं. शब्दांच्या अंगाने गाण्यावर मालकी सांगितली, असं म्हणायला हरकत नाही. आणि या मालकीत सूर कायम उपरा राहिला, असं माझं मत आहे. शब्दांना पोथी मिळाली, ताम्रपट मिळाला, छापखाना मिळाला. चालीला फक्त गळा मिळाला.

1907 साली हरप्रसाद शास्त्री नेपाळच्या दरबारी ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं चाळत होते. तिथे त्यांना ताडपत्रांवरची एक पोथी मिळाली. बौद्ध सिद्धांची गूढ गाणी, त्यांवर मुनिदत्ताची संस्कृत टीका. 1916मध्ये त्यांनी ती छापली. हीच ती चर्यापदं. मधली पानं गहाळ असल्यामुळे साडेशेहेचाळीस गाणी हाती आली. बंगाली लोक म्हणतात ही आमची, असमिया म्हणतात आमची, ओडिया आणि मैथिली भाषकही हक्क सोडत नाहीत. भाषेवरून इतकं भांडण झालं, पण प्रत्येक पदाच्या डोक्यावर रागाचं नाव आहे, त्या नावाकडे भांडायला कुणी गेलं नाही. जाऊन तरी काय हाती लागणार? बरीच पदं पटमंजरीत आहेत. पटमंजरी नावाचा राग आजही क्वचित ऐकू येतो, पण लुईपा आणि काण्हपा हे सिद्ध गात होते ती पटमंजरी हीच, असं छातीठोकपणे सांगणारा गवई मला तरी भेटलेला नाही. काठमांडूच्या खोऱ्यातले नेवार वज्राचार्य मात्र 'चचा' या नावाने चर्यागीतं अजून गातात आणि त्यांवर नाचतातही. म्हणजे ज्या गावात पोथी कपाटात बंद होती, त्याच गावात गाण्याची रीत कुणाच्यातरी घरात चालू होती.

जयदेवाचंही तसंच. 'गीतगोविंदा'त प्रत्येक अष्टपदीला राग आणि ताल नेमून दिलेले आहेत. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात 1499चा प्रतापरुद्रदेवाचा शिलालेख आहे. देवापुढे गीतगोविंदच गावं, दुसरं काही नाही, अशी त्यात आज्ञा आहे. राजाने आज्ञा कोरून ठेवली. पण त्या काळी देवापुढे गीतगोविंद कसं गायलं जात होतं, ते दगडावर कसं उतरणार? आज केरळात गुरुवायूरला सोपानापाशी, म्हणजे गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी, इडक्का वाजवत गायली जाणारी अष्टपदी आणि ओडिशी नर्तकी जिच्यावर नाचते ती अष्टपदी एकामागून एक ऐकून पाहा. संस्कृत तेच. बाकी काहीच तेच नाही.

आता आपला नामदेव. 1604 साली गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांच्या 61 रचना आहेत. ग्रंथाची मांडणीच रागांप्रमाणे: आसा, सोरठ, धनासरी, भैरव, मलार. रचनेत किती पदं, त्यावरून दुपदे, चउपदे, असटपदी असे मथळे. ध्रुवपदापुढे 'रहाउ' असं लिहिलेलं. आपल्या गाथ्यांत अभंगाच्या ओळीपुढे 'ध्रु' छापतात, त्याचाच हा पंजाबी भाऊ. मथळ्यात रागाच्या जोडीला 'घरु' असा शब्द आणि त्यापुढे आकडा असतो. हे घर म्हणजे नेमकं काय, ताल, लय की गाण्याची एखादी खास ठेवण, यावर आजच्या रागींचं आणि अभ्यासकांचं एकमत नाही. जो ग्रंथ अक्षरशः डोक्यावर धरून मिरवला जातो, ज्याचा एक काना कुणी इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्यातही गायकासाठी लिहिलेली खूण वाचता येत नाही. पंढरपुरात जो टाळ-मृदंगावर ऐकू येतो त्या नामदेवाचं गुरुद्वाऱ्यात तबल्या-पेटीवर काय होतं, हे मराठी माणसाने एकदा तरी जाऊन ऐकावं. त्यासाठी पंजाबात घुमानला जायला हवं असं नाही. नांदेडला गेलं तरी पुरे.

तिरुमलैच्या देवळातली गोष्ट याहून जोरकस आहे. अन्नमाचार्य, 1408 ते 1503. तेलुगू लोक त्याला 'पदकवितापितामह' म्हणतात. व्यंकटेशाला रोज एक संकीर्तन वाहायचं असं त्याचं व्रत होतं म्हणे. त्याच्या वंशजांनी ती संकीर्तनं तांब्याच्या पत्र्यांवर कोरून देवळातच एका दगडी कोठडीत ठेवली. दोन हजारांहून जास्त पत्रे, बारा हजारांहून अधिक गाणी. वारसदारांनी बापजाद्यांची कविता एवढ्या खर्चाने, एवढ्या वजनाच्या धातूवर जपल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. प्रत्येक गाण्यावर रागाचं नाव कोरलेलं. आणि चाल? ती कोरणाऱ्यांच्या गळ्यात होती, त्यामुळे ती कोरून ठेवायला हवी असं त्यांच्या मनातही आलं नसावं. विसाव्या शतकात हे पत्रे उजेडात आले, गाणी छापून निघाली, तेव्हा राळ्ळपल्ली अनंतकृष्ण शर्मांसारख्या जाणकारांना बसून नव्याने स्वर बांधावे लागले. एम. एस. सुब्बलक्ष्मींच्या आवाजात आपण सकाळी अन्नमाचार्य ऐकतो तेव्हा कवी 15व्या शतकातला असतो आणि चाल विसाव्या शतकातली. ऐकायला सुंदर, यात शंकाच नाही. पण अन्नमाचार्याचं गाणं आपण ऐकलं असं म्हणणं थोडं धाडसाचं आहे.

कन्नडमधली दासरपदं वाटेत येतात म्हणून सांगतो. पुरंदरदासाची मुद्रा 'पुरंदर विठ्ठल', विजयदासाची 'विजय विठ्ठल'. पंढरीचा देव इतक्या कानडी पदांच्या शेवटच्या ओळीत उभा आहे की 'कानडा' हे विशेषण त्याला उगाच चिकटलेलं नाही. पुरंदरदास आपल्या पुरंदरगडचा की तीर्थहळ्ळीकडचा, हा वाद विद्वानांकडे सोपवू. गदगचे भीमसेन जोशी पुण्यात बसून एकाच ताकदीने अभंगही म्हणत आणि दासवाणीही. ऐकणाऱ्यांना दोन्ही आपलं वाटत होतं.

चाल खरोखर कशी टिकते ते पाहायचं तर क्षेत्रय्याकडे जावं लागतं. 17व्या शतकातला हा तेलुगू कवी, कृष्णा नदीच्या प्रदेशातल्या मुव्व गावचा, मुद्रा 'मुव्वगोपाल'. त्याच्या पदांत बहुतेक वेळा बाई बोलते. रुसते, टोमणे मारते, सखीकडे तक्रार करते, आलेल्या प्रियकराला दारातूनच परत पाठवते. दक्षिणेत नुसतं 'पदम्' म्हटलं की जाणकारांच्या कानात आधी हा क्षेत्रय्या येतो. लय इतकी संथ की एका शब्दावर गायिका किती वेळ रेंगाळणार याचा नवख्याला अंदाज येत नाही. कित्येकदा पल्लवी बाजूला ठेवून अनुपल्लवीपासूनच सुरुवात होते, म्हणजे आपण अस्ताईआधी अंतरा घ्यावा तसं. हे गाणं कागदावर स्वरांनी लिहिलं तर नुसता सांगाडा हाती येतो. खरं गाणं दोन स्वरांमधल्या वाटेत असतं, आणि ती वाट समोर बसून शिकवावी लागते.

ती शिकवली देवदासींच्या घरांनी. मद्रासमध्ये जॉर्जटाउनच्या घरात वीणा धनम्माळ (1867–1938) शुक्रवारी संध्याकाळी वाजवायला बसत तेव्हा मोठमोठे गवई भिंतीला टेकून ऐकत. त्यांच्या नाती बृंदा आणि मुक्ता यांनी पदं गाऊन राखली, आणि तिसरी नात टी. बालसरस्वती (1918–1984) हिने गाऊन आणि अभिनयाने. या बायकांना समाजाने कसं वागवलं ते सगळ्यांना माहीत आहे. 1947मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा आला; तो यायलाच हवा होता. पण प्रथा मोडताना प्रतिष्ठितांनी नाक मुरडून पदांनाही अश्लील ठरवलं, आणि मग त्याच पदांसाठी पुढच्या पिढीचे प्रतिष्ठित गायक बृंदांच्या दारात शिकायला गेले. क्षेत्रय्याची आज काही शे पदं उरली आहेत, आणि त्यांतली जी गाता येतात ती या घरांमुळे येतात. ताम्रपटांना जे जमलं नाही ते चार-दोन बायकांच्या स्मरणशक्तीने केलं. मला तर या सबंध हकिकतीत याहून मोठी गोष्ट दिसत नाही.

याच दक्षिणेत, तंजावरात, मराठे होते. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गादीवर बसले आणि त्यांचे चिरंजीव शहाजीराजे 1684 ते 1712 राज्य करत होते. भोसल्यांचा हा मुलगा तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु' लिहितो, तिरुवारूरच्या त्यागेशावर तेलुगू पदं रचतो, आणि मराठीत नाटकंही लिहितो. दरबारात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत एकाच वेळी नांदत होत्या. गाण्याचा पाहुणा असल्या घरात परका राहत नाही. तंजावरहून मराठी कीर्तनकार अनंतपद्मनाभ गोस्वामी त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या (1813–1846) दरबारी गेले. लोक त्यांना कोकिलकंठ मेरुस्वामी म्हणत. मेरुस्वामींचं कीर्तन ऐकूनच राजाने स्वतः कुचेलाचं आणि अजामिळाचं आख्यान रचलं. पुढे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवांची कीर्तनं तंजावरात गाजली, आणि ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचा साचा घडवला. त्या हरिकथेत आजही सुरुवातीला पंचपदी असते आणि मधे साकी, दिंडी येते. शब्द तमिळ झाले, पण साकीची चाल साकीचीच राहिली. महाराष्ट्रात ज्यांना साकी आणि दिंडी म्हणता येत नाही अशांची संख्या वाढत चालली असताना कुंभकोणमचा एखादा भागवतर दिंडी बिनचूक म्हणतो, याची आपल्याला थोडी तरी लाज वाटायला हवी.

नाटकाकडे परत येऊ, कारण आपल्याकडे 'पद' म्हटलं की अजूनही तेच डोळ्यांसमोर येतं. केरळच्या कथकळीत पात्रं बोलत नाहीत. मागे उभे असलेले दोन गायक, पोन्नानी आणि शिंकिडी, गातात. निवेदनाला श्लोक आणि पात्राच्या तोंडच्या बोलण्याला पदम्. गायक ओळ पुनःपुन्हा घेतात, तोवर नट हातांनी, डोळ्यांनी ती ओळ बोलून दाखवतो. विष्णुदास भाव्यांनी 1843मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवतांच्या खेळावरून. त्यातही पदं सूत्रधारच म्हणायचा, आणि पात्रं नंतर उत्स्फूर्त बोलायची. गाणारा एक आणि ज्याचं गाणं तो दुसरा, ही सोय अशी दोन्हीकडे होती. 31 ऑक्टोबर 1880ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने ती मोडली. शकुंतलेचं पद शकुंतलाच म्हणू लागली. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, बेळगावकडचे. कीर्तन, लावणी, कानडी गाणी, साकी-दिंडी, सगळं कानात भरलेलं. दोनशेच्या आसपास पदं त्यांनी त्या नाटकात घातली. एवढ्या चाली एकट्याने नव्या बांधण्याची त्यांना गरज नव्हती. चाली रस्त्यावर, देवळात, बैठकीत तयार होत्या. कंसातला 'चाल' हा शब्द तिथून आला.

किर्लोस्करांच्या नाटक कंपनीतले भाऊराव कोल्हटकर गायला लागले की प्रेक्षागृह वेडं व्हायचं, असं त्या काळच्या आठवणींत वाचायला मिळतं. भाऊराव 1901च्या फेब्रुवारीत गेले. ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू केलं 1902च्या नोव्हेंबरात. पावणेदोन वर्षांचा फरक. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्तर दीनानाथ यांच्या तबकड्या आपल्याजवळ आहेत, त्यामुळे ती पदं कशी म्हणायची यावर आपण अजून वाद घालू शकतो. भाऊरावांची पदं आपण वाचतो, आणि वाचून गप्प बसतो.

भातखंडेंनी घराण्यांच्या बंदिशी गोळा करून 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीत बसवल्या, म्हणून ख्यालाचं बरंच वाचलं. कीर्तनातल्या पदांना तसा खटपट्या माणूस मिळाला नाही. अमृतरायांचे कटाव, मध्वमुनीश्वरांची पदं, सोहिरोबानाथांची, दासोपंतांची पदं. दासोपंतांनी तर अंबाजोगाईला हातांनी मोजायच्या लांबीच्या पासोडीवर वेदांत लिहून ठेवला, ती पासोडी अजून आहे. पदं कशी म्हणायचे ते कुठल्या कापडावर लिहिणार? नारदीय कीर्तनकारांच्या घराघरांत हाताने लिहिलेली बाडं असत. पूर्वरंगाचं पद, उत्तररंगाचं आख्यान, साक्या, दिंड्या, आणि समासात बारीक अक्षरात 'चाल अमुक'. धुळ्याला शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून अशी बाडं जमवली, ती श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. तंजावरच्या सरस्वती महालातही मराठी हस्तलिखितं खच्चून भरलेली आहेत. शब्दांची काळजी करण्याची वेळ आता फारशी उरलेली नाही. ते स्कॅन होताहेत, छापले जाताहेत, कुणीतरी पीएचडी करतं आहे.

काळजी चालीची आहे. तुमच्या घरात आजोबांचं किंवा पणजोबांचं असं बाड असेल तर ते विसर्जनाच्या निर्माल्याबरोबर नदीत सोडू नका, जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाला दाखवा. पण त्याआधी एक काम करा. त्या बाडातली दोन-चार पदं म्हणून दाखवू शकेल असं कुणी घरात, शेजारात, गावच्या देवळात असेल, बहुतेक वेळा ती सत्तरी-ऐंशी ओलांडलेली एखादी आजी किंवा काकू असते, तर तिच्यापुढे फोन ठेवा आणि म्हणा, ही ओळ तुम्ही कशी म्हणत होता? ती म्हणेल, "माझा आवाज गेला आता." आवाज कसा का असेना, म्हणायला लावा. पेटी नको, तबला नको, दुरुस्त्या तर मुळीच नकोत. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला पदाचे पहिले शब्द, म्हणणाऱ्या बाईंचं नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात सांगून ठेवा. आणि हे दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. येत्या रविवारी सकाळी करा.